रीफर लाईटीवर लावला की ट्रिप होतो: केळीच्या पॅकहाऊसवर शोध कुठून सुरू करायचा

तक्रार सगळीकडे सारखीच असते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा, कुठल्याही पॅकहाऊसवर जा. निर्यातीचा माल भरायला चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर येतो. भिंतीवर त्याच्यासाठी थ्री फेज सॉकेट बसवलेलं असतं. जेनसेट (कंटेनरसोबतचा डिझेल जनरेटर) बंद करून प्लग लाईटीवर लावला की युनिट, म्हणजे कंटेनरचं थंड करणारं यंत्र, सुरू होतं, दहा-वीस मिनिटं नीट चालतं आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) खाली पडतो. चढवला की पुन्हा पडतो. मग ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, राहू द्या तुमची लाईट, माल माझ्या जबाबदारीवर आहे," आणि जेनसेट चालू करतो. रात्रभर डिझेल जळतं. पुढच्या खेपेला दुसरा कंटेनर येतो, दुसरा ड्रायव्हर येतो आणि तेच होतं. काही दिवसांनी त्या सॉकेटला कुणी हातच लावत नाही, त्याच्या झाकणावर धूळ बसते.

मी या पट्ट्यात पॅकहाऊस आणि शीतगृहांची इलेक्ट्रिकची कामं करतो. या तक्रारीत दोष बहुतेक वेळा कंटेनरचा नसतो. तो डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) सॉकेटपर्यंतच्या आपल्या लाईनीत असतो, आणि तो कुठे आहे हे शोधायला एक टोंग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर), एक मल्टिमीटर आणि एक वही पुरते. मोजायच्या आधी पार्ट बदलायला निघालात तर पैसे जातील आणि ट्रिपिंग तसंच राहील.

कामाला लागण्याआधी हे करायचंच कशाला, ते सांगतो. मालक मंडळी विचारतात, जेनसेट चालतो ना, मग सॉकेटच्या मागे का लागायचं?

रीफरचा जेनसेट तासाला साधारण अडीच-तीन लिटर डिझेल पितो. कंटेनर आल्यापासून माल भरून, सील लागून, कागद हातात पडून निघेपर्यंत बारा तास सहज जातात. म्हणजे तीस-पस्तीस लिटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका कंटेनरमागे पॅकहाऊसच्या अंगणातच ऐंशी-नव्वद किलो. हंगामात एका वेळी तीन-चार कंटेनर उभे असतात तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मला त्याहून जास्त लागतो तो धूर. जेनसेटचं धुराडं आणि शेड यांच्यात अंतर किती असतं? पंधरा-वीस फूट. तिथे बायका टाक्यातून फण्या काढतात, पुसतात, स्टिकर लावतात, खोक्यात भरतात. दिवसभर त्या धुरात उभ्या असतात. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड थेट त्यांच्या छातीत जातात, आणि "डोळे चुरचुरतात दादा" याच्या पलीकडे त्या काही बोलत नाहीत.

यावर कुणी म्हणेल की आपली लाईट तरी कुठे स्वच्छ आहे, भुसावळजवळ दीपनगरला कोळसाच जळतो. बरोबर आहे, आणि हे लपवायचं कारण नाही. देशाच्या ग्रिडमध्ये विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, त्यावर लाईनीतली गळती. छोटा जेनसेट अर्ध्या भारावर लिटरला तीन युनिट देतो असं धरलं तर युनिटमागे ०.९ किलो होतो. म्हणजे कार्बनच्या हिशेबात फायदा आहे, पण फार मोठा नाही. मोठा फायदा धुराचा आहे. दीपनगरच्या धुराला उंच चिमणी आहे, राख पकडायची यंत्रणा आहे. जेनसेटचा धूर माणसाच्या नाकासमोर सुटतो. शिवाय ग्रिडची लाईट हळूहळू सुधारते. आपल्याच धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. जेनसेट मात्र आज आहे तसाच उद्याही धूर ओकणार. आणि पॅकहाऊसच्या पत्र्यावर पॅनल बसवले तर खान्देशच्या उन्हात दिवसाचं भरणं बरंचसं त्यावरच निघतं.

बंदरात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालू आहे. जहाज धक्क्याला लागलं तरी त्याचे सहायक जनरेटर थांबत नाहीत, कारण दिवे, पंप आणि डेकवरचे आपल्यासारखे शेकडो रीफर चालू ठेवायचे असतात. मग धूर बंदराशेजारच्या वस्तीत जातो. त्यावर उपाय म्हणून किनाऱ्यावरून जहाजाला वीज देतात. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरात २००० साली मालवाहू जहाजांना अशी उच्चदाबाची वीज मिळायला लागली. कॅलिफोर्नियाने २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ती बंधनकारक केली. युरोपात १ जानेवारी २०३० पासून मोठ्या बंदरांत लागणाऱ्या कंटेनर आणि प्रवासी जहाजांना तसा नियम लागू होतोय. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक सूचनांतही किनाऱ्यावरून वीज देण्याचा मुद्दा आहे. तिथली मोठी अडचण अशी की बहुतेक जहाजं ६० हर्ट्झवर चालतात आणि आपली ग्रिड ५० हर्ट्झची, म्हणून मध्ये मोठा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवावा लागतो. कंटेनर जहाजाला ६.६ किलोव्होल्टवर मेगावॅटच्या हिशेबात वीज लागते, त्यामुळे हा कन्व्हर्टर स्वस्त नसतो.

आपलं नशीब इतकं चांगलं की रीफर कंटेनरला असला कन्व्हर्टर लागत नाही. तो मुळातच दोन्हीवर चालायला बनवलेला असतो: ५० हर्ट्झवर ३६० ते ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झवर ४०० ते ५०० व्होल्ट. हे आकडे लक्षात ठेवा. त्यातला ३६० तर पॅकहाऊसच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

पहिला प्रश्न: एकच कंटेनर, की सगळे?

माणसं मीटर काढायच्या आधीच एमसीबी बदलतात. आधी वही काढा. कुठला कंटेनर, किती वाजता ट्रिप झाला, तेव्हा बाहेर ऊन होतं का, शीतगृहाचे कॉम्प्रेसर चालू होते का, शेतीची लाईट आलेली होती का. आठ-दहा ट्रिपिंगची नोंद झाली की निम्मं निदान वहीतच दिसतं.

एकच कंटेनर पडतो आणि त्याच सॉकेटवर बाकीचे नीट चालतात, तर दोष त्या कंटेनरचा किंवा त्याच्या प्लगचा. सगळेच पडतात पण ठराविक वेळी, तर व्होल्टेज किंवा ऊन. सगळे पडतात, वेळही ठरलेली नाही, तर सॉकेट, केबल किंवा ढिलं कनेक्शन. सगळेच लावता क्षणी पडतात, तर एमसीबी चुकीचा निवडला आहे किंवा वायरिंगमध्येच शॉर्ट आहे.

आणि ट्रिप झाला म्हणून घाबरायचं नाही. माल थंड करून भरलेला आहे, दार बंद आहे, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या खोळंब्याने केळी पिकत नाही. तेवढा वेळ मोजायला वापरा. घाईघाईने पाच वेळा एमसीबी चढवण्यात कॉम्प्रेसर जळायचा धोका जास्त.

व्होल्टेज

आमच्या भागात हेच कारण सर्वांत जास्त वेळा सापडतं, म्हणून यावर वेळ घालवा.

मीटर रूममध्ये ४०५ व्होल्ट दिसतात आणि वायरमन म्हणतो, सगळं ठीक आहे. तिथे मोजून उपयोग नाही. सॉकेटवर मोजा, तेही कंटेनर चालू असताना. कॉम्प्रेसर लागल्यावर किती राहतं ते बघा. तिन्ही जोड्या मोजा: आर-वाय, वाय-बी, बी-आर. सॉकेट उघडता येत नसेल तर कंटेनरच्या कंट्रोलरवरही आकडा दिसतो. कॅरिअर कंपनीच्या युनिटमध्ये कोड सीडी ०४, ०५, ०६ ला तिन्ही फेजचा करंट, सीडी ०७ ला व्होल्टेज आणि सीडी ०८ ला फ्रिक्वेन्सी येते. ड्रायव्हरला किंवा रीफर टेक्निशियनला सांगा, तो दाखवेल.

शेतीची थ्री फेज लाईट आली की परिसरातल्या विहिरी-बोअरच्या मोटारी एकदम सुरू होतात. ज्या मोटारी केळीला ठिबकने पाणी देतात, त्याच मोटारी त्या केळीच्या कंटेनरचं व्होल्टेज खाली ओढतात. पॅकहाऊस गावठाण फीडरवर असलं तरी सबस्टेशन तेच असतं, म्हणून थोडीफार झळ बसतेच. लाईनीच्या टोकाला असलेल्या पॅकहाऊसवर तेव्हा ३५०-३५५ सुद्धा दिसतात. रीफरची खालची हद्द ३६०. आता काय होतं? व्होल्टेज कमी झालं तरी कॉम्प्रेसरला काम तेवढंच करायचं असतं, म्हणून मोटार करंट जास्त ओढते. करंट वाढला की दहा-पंधरा मिनिटांनी एमसीबीचा थर्मल भाग तापून पडतो. "लावल्याबरोबर नाही, थोड्या वेळाने पडतो" याचा अर्थ बहुधा हाच. शॉर्ट असता तर क्षणात पडला असता.

तिन्ही जोड्यांत फरक असेल, म्हणजे ४०० - ३९५ - ३७०, तर तेही वाईट. व्होल्टेजमधला थोडासा असमतोल मोटारीच्या करंटमध्ये कितीतरी पट होऊन दिसतो. पॅकहाऊसमधले सिंगल फेजचे पंखे, दिवे, वजनकाटे, पाण्याची छोटी मोटार, सगळं एकाच फेजवर टाकलेलं असतं. ते तीन फेजवर वाटून घ्या. याला खर्च शून्य आहे आणि फरक लगेच दिसतो.

एक फेज अजिबात नाही, म्हणजे डीपीवरचा डीओ (ड्रॉपआऊट फ्यूज) उडालेला आहे किंवा फ्यूज गेलाय, तर रीफर चालवायचाच नाही. आजकालचे युनिट स्वतःच नकार देतात. पण कुणी हुशारी करून प्रोटेक्शन काढू नये.

उपाय कोणते? स्वतःची डीपी असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायचं सेटिंग, बदलून घेता येतो. हे काम लाईन पूर्ण बंद करून, वीज कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. उन्हाळ्यात टॅप वर चढवला तर पावसाळ्यात मोटारी बंद असताना व्होल्टेज ४६० च्या वर जात नाही ना, तेही तपासा. मंजूर लोड कमी असेल तर कोटेशन भरून वाढवून घ्या. आकडा लपवून चालवण्यात दंडही आहे आणि ट्रिपिंगही. आणि या सगळ्याला वेळ लागणार असेल तर फक्त रीफरच्या सॉकेटसाठी थ्री फेज सर्व्हो स्टॅबिलायझर लावा, तोही प्रत्येक फेज वेगळा सावरणारा. पंधरा केव्हीएचा स्वस्त पडतो म्हणून तो घेऊ नका. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका बसतो तो त्याला झेपत नाही. एका कंटेनरला पंचवीस-तीस केव्हीए धरा.

केबल

डीपी एका कोपऱ्यात, कंटेनर उभा राहतो तो दुसऱ्या कोपऱ्यात. मध्ये साठ मीटर केबल, आणि ती चार स्क्वेअर एमएमची, कारण "३२ ॲम्पिअरला चालते". करंट वाहून न्यायला चालते, पण व्होल्टेज खाते. साठ मीटर तांब्याच्या चारच्या केबलवर २५ ॲम्पिअर गेले की सुमारे १४ व्होल्ट वाटेतच जातात. दहाची टाकली तर साडेपाच-सहा व्होल्ट. ३७० व्होल्ट आलेल्या दिवशी हाच फरक ट्रिप होणं आणि न होणं यातला असतो: एकीकडे ३५६, दुसरीकडे ३६४. कंटेनरची स्वतःची केबल पंधरा-अठरा मीटर असते, ती वेगळी. त्यामुळे सॉकेट भिंतीवर सोयीचं दिसतं तिथे न बसवता कंटेनरच्या नाकाशी येईल असं बसवा. एक्सटेन्शन जोडायची वेळच येऊ नये. वेटोळं घातलेल्या एक्सटेन्शनवर रीफर चालवलेला मी पाहिला आहे, आतलं वेटोळं हाताला पोळत होतं.

प्लग आणि सॉकेट

हा मुद्दा छोटा दिसतो, पण जीव जाण्याइतका मोठा आहे.

रीफरचा प्लग लाल, चार पिनांचा, ३२ ॲम्पिअरचा असतो: तीन फेज आणि एक अर्थ. बाजारात तसंच दिसणारं लाल, चार पिनांचं, ३२ ॲम्पिअरचं सॉकेट सहज मिळतं. दुकानदारही हेच देतो. पण ते बसत नाही. सॉकेट समोरून बघा, खाच खाली, म्हणजे घड्याळातल्या सहावर ठेवा. साध्या कारखानदारी सॉकेटमध्ये अर्थचं जाड भोक खाचेच्याच बाजूला, सहावर असतं. रीफरच्या सॉकेटमध्ये ते तीनवर असतं. मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे, म्हणजे भलत्या लाईनीवर रीफर लागू नये. दुकानात मागताना "तीन एच, रीफर कंटेनरचं" असं स्पष्ट सांगा आणि बॉक्सवर तेच छापलंय ते बघून घ्या.

बसत नाही म्हटल्यावर लोक काय करतात? प्लगची खाच घासून काढतात, किंवा प्लग कापून दुसरा लावतात. प्लग बदलताना अर्थची वायर ढिली राहते, कधी जोडलीच जात नाही. कंटेनर पूर्ण लोखंडी आणि उभा आहे रबराच्या टायरवर. त्याला जमिनीशी जोडणारी एकच गोष्ट म्हणजे त्या प्लगातली अर्थची पिन. ती गेली की हीटरमधली (कॉइलवरचा बर्फ वितळवायला युनिटमध्ये असतो तो) जराशी गळतीही सगळ्या कंटेनरच्या अंगावर येते, आणि खोकी घेऊन दारात चढणारा माणूस ओल्या पायांनी तिथे उभा असतो. "कंटेनरला हात लावला की झिणझिण्या येतात" असं एकाने जरी सांगितलं तरी त्या क्षणी लाईट बंद करा. कंटेनर कंपनीच्या प्लगला हात लावायचा नाही, आपलं सॉकेट बदलायचं.

अर्थिंगचा खड्डाही बघा. आपली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चांगली आलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती राहते. निर्यातीचा जोर आणि उन्हाळा एकत्र येतात, म्हणून मार्चमध्येच अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि खड्ड्यात पाणी सोडायची पाळी ठरवा.

सॉकेटच्या आत डोकवा. पिना काळवंडल्या असतील, प्लॅस्टिक पिवळं पडून वितळल्यासारखं दिसत असेल, तर ते चालू लाईनीवर प्लग ओढल्याचं लक्षण. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते, पिन जळते, संपर्क ढिला होतो, तो तापतो आणि ट्रिप होतो. म्हणून स्विचसोबत इंटरलॉक असलेलं सॉकेट घ्या, ज्यात स्विच बंद केल्याशिवाय प्लग निघतच नाही. क्रम असा: कंटेनरचं युनिट बंद, जेनसेट बंद, प्लग जेनसेटमधून काढून सॉकेटात, बाहेरची रिंग फिरवून घट्ट, मग स्विच चालू, मग युनिट चालू. कंटेनरला एकच प्लग असल्यामुळे तो एका वेळी जेनसेटवर असतो किंवा भिंतीवर, दोन्ही लाईटी एकमेकींत मिसळण्याची भीती नसते. म्हणूनच मध्ये कुणी घरगुती चेंजओव्हर बसवू नये.

ऊन

जळगाव-भुसावळचा मे सांगायला नको, पारा ४५ च्या पुढे. सॉकेट आणि एमसीबीची लोखंडी पेटी पश्चिमेच्या पत्र्यावर बसवलेली, दुपारी दोन नंतर तिला हात टेकवत नाही. घरगुती पद्धतीचा एमसीबी ३० अंश तापमान धरून ठरवलेला असतो. पेटीच्या आत साठ अंश झाले की ३२ चा एमसीबी ३२ ॲम्पिअर सोसत नाही, आधीच पडतो. आणि त्याच वेळी कंडेन्सरवर गरम हवा येत असल्यामुळे कॉम्प्रेसरही जास्त करंट घेत असतो. वहीत ट्रिपिंगच्या नोंदी दुपारी दोन ते पाचमध्ये गोळा झाल्या असतील तर हेच समजा.

इथे लोक ४० चा एमसीबी टाकतात. टाकू नका. सॉकेट ३२ चं, प्लग ३२ चा. आग लागेल ती तिथे. पेटी उत्तरेच्या भिंतीवर हलवा, वर छोटं छप्पर घाला, किंवा ४० अथवा ५० अंशांना कॅलिब्रेट केलेला एमसीसीबी (सेटिंग बदलता येणारा मोठा ब्रेकर) घेऊन ३२ वर सेट करा. एमसीबीच वापरायचा तर सी कर्व्हचा नको, डी कर्व्हचा घ्या. सी कर्व्ह पाच ते दहा पट करंटला क्षणात पडतो, डी दहा ते वीस पटीला. कॉम्प्रेसर उठताना सी कर्व्ह विनाकारण पडतो. "लावता क्षणी पडतो" या तक्रारीत हे आधी बघायचं.

मालच गरम भरला असेल

शेतातून घड आला तेव्हा गर ३५ अंशाला असतो. केळी जाते साडेतेरा अंशाच्या आसपास, त्याखाली साल काळपट पडते. रीफर हा थंडावा टिकवण्यासाठी बनवलेला आहे, वीस टन गरम माल थंड करण्यासाठी नाही. प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल थंड करणं, घाईत उरकलं की कॉम्प्रेसर तासन्‌तास पूर्ण भारावर पळतो, आणि कमकुवत लाईनीवर तोच पूर्ण भार ट्रिप करतो. प्रीकूलिंग रूममध्ये केळीच्या गरात थर्मामीटर खुपसून १४ दिसल्याशिवाय भरणं सुरू करू नका. खोलीचा आकडा बघून चालत नाही, खोली थंड आणि गर गरम असं नेहमी असतं. आणि दार उघडं ठेवून भरत असताना युनिट बंद ठेवा. बाहेरची दमट हवा आत ओढून कॉइलवर बर्फ बसतो, लाईट वाया जाते ती वेगळीच.

याला जोडून एक गोष्ट. ड्रायव्हर म्हणतात, "जेनसेटवर गाडी लवकर थंड होते, तुमच्या लाईटीवर नाही." त्यांचं निरीक्षण चूक नाही. जेनसेट ६० हर्ट्झ देतो, ग्रिड ५० हर्ट्झ. इन्व्हर्टर नसलेल्या युनिटचा कॉम्प्रेसर आणि पंखे लाईटीवर सहाला पाच या प्रमाणात हळू फिरतात. म्हणून थंड व्हायला वेळ जास्त लागतो. माल आधीच थंड असेल तर याने काही बिघडत नाही, पण हे ड्रायव्हरला आधीच सांगितलं तर तो घाबरून प्लग काढत नाही.

आरसीसीबी पडत असेल तर

एमसीबी आणि आरसीसीबी यातला कोण पडला ते आधी बघा, अनेकदा दोन्ही शेजारी असतात आणि सांगणारा नुसतं "ट्रिप झाला" म्हणतो. आरसीसीबी पडला म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. युनिट एरवी चालतं आणि हीटर लागल्यावर, डिफ्रॉस्टच्या (बर्फ वितळवायच्या) वेळी पडतं, तर हीटरमध्ये ओल शिरली आहे. तो कंटेनरचा दोष, कंटेनर कंपनीच्या टेक्निशियनला बोलवा, मेगर मारून (इन्सुलेशन मोजून) घ्या. सगळ्याच कंटेनरला पडतो तर आपल्या सॉकेटच्या पेटीत पाणी किंवा धुण्याच्या टाक्यांचे शिंतोडे जातायत का बघा, ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथलं बूच) सैल असते. आरसीसीबी काढून टाकणारा वायरमन दिसला तर त्याला कामावरून काढा.

लाईट जाऊन आल्यावर

तीन कंटेनर लाईटीवर, शीतगृहाचे कॉम्प्रेसर, प्रीकूलिंग, पाण्याची मोटार. लाईट गेली आणि आली की सगळे एकदम उठायला बघतात, व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि कुणीच नीट उठत नाही. रात्रपाळीच्या माणसाला एवढंच शिकवा: लाईट गेली की रीफरचे स्विच खाली, आली की दोन मिनिटं थांबायचं, मग एकेक, प्रत्येकामध्ये मिनिटभर सोडून. जमल्यास प्रत्येक सॉकेटला कॉन्टॅक्टर आणि वेगवेगळ्या वेळेचा टायमर बसवा, म्हणजे माणूस झोपला तरी क्रम चुकत नाही.

तरीही जेनसेट कधी चालवायचा

चालू भारावर सॉकेटला ३६० च्या खाली व्होल्टेज आणि स्टॅबिलायझर नाही. एक फेज गायब. प्लग किंवा सॉकेट ओलं. कंटेनरला झिणझिण्या. या चारपैकी काहीही असेल तर वाद न घालता जेनसेट लावा, वहीत कारण आणि आकडा लिहा. वीज कंपनीकडे फीडरची तक्रार घेऊन जाताना "व्होल्टेज कमी येतं" म्हणण्यापेक्षा तारीख, वेळ आणि तिन्ही जोड्यांचे आकडे असलेलं पान पुढे ठेवलं तर बोलणं पुढे सरकतं. शाखा अभियंत्याला टॅप किंवा फेज बॅलन्सिंगचा निर्णय घ्यायला तेच लागतं.

आणि जेनसेट लावावाच लागला तर कंटेनर असा उभा करा की जेनसेट पॅकिंग शेडच्या विरुद्ध बाजूला राहील आणि वारा शेडकडून त्याच्याकडे वाहत असेल. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी वारा बहुधा पश्चिमेचा असतो. डॉक त्याप्रमाणे बांधलेला नसेल तर निदान शेडच्या त्या बाजूचं शटर खाली ओढून घ्या आणि पॅकिंगचं टेबल दुसऱ्या टोकाला सरकवा.